सीमाभागातील मुलांना पुरावा वाचू द्या

नोव्हेंबरची १ तारीख उजाडली की बेळगावात दोन प्रकारची माणसे रस्त्यावर दिसतात. एक लाल-पिवळे ध्वज खांद्यावर घेऊन, वाद्ये वाजवीत राज्योत्सवाला निघालेली. दुसरी काळे कपडे घालून, दंडाला काळी फीत बांधून ‘काळा दिवस’ पाळणारी. १९५६ साली याच तारखेला राज्यपुनर्रचना अंमलात आली आणि मुंबई राज्यातले बेळगाव म्हैसूर राज्यात गेले. एकाच्या पंचांगात तो सण आहे, दुसऱ्याच्या पंचांगात सुतक आहे. हे दोन्ही देखावे घराच्या ओट्यावर बसून पाहणारे दहा-बारा वर्षांचे मूल मात्र एकच असते, आणि त्या मुलाविषयी बोलावयास आपल्याकडे फारसे कोणी तयार नसते.

या मुलाला इतिहास दोन ठिकाणी शिकावा लागतो. शाळेत राज्याच्या पाठ्यपुस्तकाचा मराठी अवतार त्याच्या पुढ्यात असतो. परीक्षेत त्यातले उतरविले की गुण मिळतात. घरी आजोबांकडून, गल्लीतल्या मंडळाच्या फलकावरून, १७ जानेवारीच्या हुतात्मा दिनाच्या भाषणांतून त्याला दुसराच इतिहास ऐकू येतो. तो मनात साठविला की घरच्यांची शाबासकी मिळते. शेजारच्या कन्नड घरातल्या मुलाचीही परिस्थिती यापेक्षा निराळी नाही, फक्त शाळेतले आणि घरातले सूर त्याच्यापुरते जुळलेले असतात. आता तिसरा गुरू आला आहे तो मोबाइलवरचा. कोणी लिहिले, कधी लिहिले, कशाच्या आधारे लिहिले यांतले काहीही न सांगता तो दिवसाला दहा ‘ऐतिहासिक सत्ये’ हातावर ठेवतो. हे तिन्ही गुरू मुलाकडून एकच अपेक्षा करतात: विश्वास ठेव. ‘हे तुम्हांला कसे कळले?’ असा उलट प्रश्न विचारण्याची मुभा तिघांपैकी एकही त्याला देत नाही.

आमचे म्हणणे असे की हा प्रश्न विचारावयास शिकविणे हेच इतिहासाच्या तासाचे मुख्य काम मानले पाहिजे, आणि ते काम साऱ्या महाराष्ट्र-कर्नाटकात कोठे सर्वांत अगत्याचे असेल तर ते बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील शाळांत आहे. मुलांनी इतिहासकारासारखे वागावे, म्हणजे साधने गोळा करावीत, ती एकमेकांशी ताडून पाहावीत, लिहिणाऱ्याचा हेतू ओळखावा आणि मगच आपले मत मांडावे. ही कल्पना ऐकून काही शिक्षकबंधू हसतील. आठवीच्या पोराने राजवाडे व्हावे काय, असे ते विचारतील. पण राजवाड्यांचे नाव निघालेच आहे, तर त्याच पिढीतील दुसऱ्या एका गृहस्थाची आठवण करून द्यावीशी वाटते. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृतचे शिक्षक होते. मिरज म्हणजे निपाणीचा शेजारच. शाळेची नोकरी सांभाळून, संसाराला तोशीस लावून या मास्तराने पटवर्धनांच्या दप्तरातील मोडी कागद वाचून काढले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ खंडाखंडाने छापला. उत्तर पेशवाईचा इतिहास त्या खंडांवाचून आजही कोणाला लिहिता येत नाही. दुसऱ्याच वर्षी, १८९८ साली, राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. आपल्याकडे इतिहाससंशोधन विद्यापीठात जन्मले नाही. ते गावोगावच्या माळ्यांवर, देवघरातल्या पेट्यांत आणि शाळामास्तरांच्या खोल्यांत जन्मले, ही गोष्ट आपण विसरलो आहोत.

परदेशातही याचा पुष्कळ विचार झालेला आहे. अमेरिकेतील सॅम वाइनबर्ग या शिक्षणशास्त्रज्ञाने १९९१ साली एक मौजेचा प्रयोग प्रसिद्ध केला. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाची पहिली चकमक १७७५ मध्ये लेक्झिंग्टन येथे झडली. तिच्याविषयीचे काही कागद त्याने एकीकडे इतिहासकारांना व दुसरीकडे हुशार म्हणून नावाजलेल्या शाळकरी विद्यार्थ्यांना वाचावयास दिले आणि वाचता वाचता मनात येईल ते मोठ्याने बोलावयास सांगितले. विद्यार्थी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत सरळ वाचीत गेले. इतिहासकारांची नजर मात्र आधी कागदाच्या तळाशी गेली: कोणी लिहिला, केव्हा लिहिला, तो तेथे हजर होता काय? माहितीत विद्यार्थी कमी पडले नव्हते. काही इतिहासकारांचा तर तो विषयही नव्हता. फरक पडला तो नजर कोठे आधी जाते एवढ्यातच, आणि ही सवय शिकविता येण्याजोगी आहे. आमच्या खरेशास्त्र्यांना आणि राजवाड्यांना ती कोणी वर्गात शिकविली नव्हती. पत्र हाती आले की मायना, तिथी आणि शिक्का आधी पाहावा हे त्यांना मोडी वाचता वाचता कळले.

आता बेळगावच्या वर्गात हे करावयाचे म्हणजे काय करावयाचे, ते पाहू. शहराच्या नावापासूनच आरंभ करावा. २०१४ च्या १ नोव्हेंबरला ‘बेळगाव’चे सरकारी नाव ‘बेळगावी’ झाले आणि त्यावर दोन्ही बाजूंनी किती शाई व किती घसा खर्ची पडला हे सर्वांना ठाऊक आहे. मुलांना एवढेच सांगावे की या गावाचे नाव जेथे जेथे लिहिलेले सापडेल तेथून ते उतरून आणा, आणि शेजारी साल लिहा. कोणी आजीच्या ट्रंकेतील पोस्टकार्डावरचा शिक्का आणील, कोणी जुने रेल्वेचे तिकीट, कोणी लग्नपत्रिका, कोणी खरेदीखत, कोणी दुकानाच्या पाटीचे छायाचित्र. कोणी १८८४ साली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा बेळगाव जिल्ह्यावरील २१ वा खंड पाहील. शेवटी कोणी तरी किल्ल्यातील कमल बस्तीच्या शिलालेखांपर्यंत पोचेल आणि तेथे ‘वेणुग्राम’ हे नाव, म्हणजे वेळूचे गाव, त्याच्या दृष्टीस पडेल. हे सगळे कागद कालानुक्रमे भिंतीवर लावले की ‘खरे नाव कोणते’ या भांडणाऐवजी ‘नाव कसे घडत गेले, ते कोणी कोणत्या कामासाठी लिहिले’ हा प्रश्न वर्गापुढे उभा राहतो. या प्रश्नाला उत्तरही आहे, आणि ते मुलांना स्वतः शोधता येते.

कमल बस्तीचाच धागा आणखी ओढण्यासारखा आहे. हे जैन मंदिर रट्ट राजांच्या बिचिराज नावाच्या मंत्र्याने १२०४ च्या सुमारास बांधविले. त्यासंबंधीचे दोन शिलालेख बेळगावात नाहीत; ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. आपल्या गावाचा सर्वांत महत्त्वाचा दाखला सात समुद्रांपलीकडे का गेला, कोणी नेला, त्याचे वाचन कोणी प्रसिद्ध केले, आणि ते आज आपल्याला कोठे मिळेल? या चार प्रश्नांवर एक सहामाही निघू शकते. वाटेत मुलांना असेही आढळेल की तो लेख कानडी आहे. मराठी मुलांना ते आढळू नये असे ज्यांना वाटते त्यांच्याशी आमचा मतभेद आहे. आठशे वर्षांपूर्वीच्या दानलेखाची भाषा कोणती होती यावरून आज त्या गावात राहणाऱ्या माणसाने कोणत्या भाषेत अर्ज करावा हे ठरत नाही. पण हे नीट समजावयाचे तर तो लेख लपवून चालत नाही, वाचावा लागतो. उलट बाजूनेही तेच. पेशवाईतील व त्यानंतरच्या काळातील या मुलखातल्या जहागिरींचे, देसायांचे, वाड्यांचे ढीगभर कागद मोडी लिपीत व मराठी भाषेत आहेत. कन्नड शाळेतील मुलालाही ते पाहू द्यावेत. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी चावुंडरायाचे नाव कानडी, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांत कोरलेले आहे. ज्यांनी ते कोरले त्यांना त्यात काही विपरीत वाटले नसावे.

गोमंतकीय वाचकाला या साऱ्याशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणाच्या मनात आला असेल तर त्याने एकदा खानापूर तालुक्यातील हलशीला जाऊन यावे. आज आडवाटेचे वाटणारे हे गाव एके काळी पलाशिका या नावाने कदंबांची राजधानी होते. तेथे सापडलेले पाचव्या-सहाव्या शतकांतील ताम्रपट दक्षिणेच्या इतिहासाचा एक पायाच मानले जातात. त्यानंतर सहा-सातशे वर्षांनी गोव्याच्या कदंबांचे राज्य घाटावर हलशीपर्यंत पसरले होते आणि तेथील नरसिंहाच्या देवळात शिवचित्त पेरमाडी व विजयादित्य यांच्या वेळचा लेख आहे. पेरमाडीची राणी कमलादेवी हिने जवळच्या देगावला कमलनारायणाचे देऊळ बांधविले. या राजांचे लेख संस्कृतात आहेत, कानडीत आहेत. लिपी कोठे नागरी आहे, कोठे कानडी. गोमंतकाचा राजा, देऊळ घाटावर, भाषा दोन, लिप्या दोन. आजच्या कोणत्याही राज्याच्या नकाशात हे राज्य बसत नाही, आणि सत्तरीच्या व खानापूरच्या मुलांनी हे एकत्र उभे राहून पाहण्यासारखे दुसरे चांगले पाठ्यपुस्तक आम्हांला ठाऊक नाही. आपल्याच गोव्यातील कित्येक जुन्या गावकऱ्यांचे दस्तऐवज गोयकानडी लिपीत लिहिलेले आहेत, हेही येथे सांगितले पाहिजे. आपण ते विसरलो म्हणून कागद काही खोटे ठरत नाहीत.

अलीकडच्या काळाकडे यावे तर बेळगावइतके श्रीमंत गाव क्वचित सापडेल. डिसेंबर १९२४ मध्ये येथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन हे गांधीजी अध्यक्ष असलेले एकमेव अधिवेशन. प्रतिनिधींच्या पाण्यासाठी खणलेली विहीर टिळकवाडीत अद्याप आहे. त्याच मंडपाच्या आश्रयाने पहिली कर्नाटक एकीकरण परिषद भरली. त्यानंतर बावीस वर्षांनी, मे १९४६ मध्ये, याच शहरात ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला तेथे संघटित रूप आले. दोन भाषिक राज्यांची दोन स्वप्ने ज्या एका गावात जाहीरपणे बोलली गेली ते गाव दोघांनाही आपलेच वाटावे, यात नवल नाही. पण बेळगावातील किती विद्यार्थ्यांनी ही दोन्ही वर्षे एका फळ्यावर लिहिलेली पाहिली आहेत? ज्याला १९२४ सांगितले जाते त्याला १९४६ सांगत नाहीत. ज्याला १९४६ पाठ आहे त्याच्या लेखी १९२४ म्हणजे फक्त गांधीजी.

आणि १९२४ चे अधिवेशन ज्यांनी उभे केले ते गंगाधरराव देशपांडे! कर्नाटकात त्यांना ‘कर्नाटकसिंह’ म्हणतात. ते टिळकांचे निकटचे अनुयायी, पुढे गांधीजींचे. हुदलीला खादीचे काम त्यांनी रुजविले. आणि आपली जीवनकथा त्यांनी लिहिली ती मराठीत. असा माणूस कोणाचा, हा प्रश्न सभेत विचारला तर हाणामारी होईल. वर्गात विचारला तर मुले त्याचे पुस्तक उघडतील, त्याची पत्रे शोधतील, त्या काळची वर्तमानपत्रे पाहतील, आणि ‘कोणाचा’ हा शब्दच त्या माणसाला किती अपुरा पडतो हे त्यांच्या ध्यानात येईल. आम्हांला विचाराल तर सीमाप्रश्नावरील शंभर व्याख्यानांपेक्षा या एका माणसाच्या आयुष्याचा असा अभ्यास मुलांच्या अधिक उपयोगी पडेल.

निपाणीची गोष्ट निराळी आहे, आणि ती सांगताना भाषेचा वाद क्षणभर बाजूला ठेवावा लागतो. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूला रास्त भाव मिळावा म्हणून शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी पुणे-बंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडले, गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या रस्त्यावर मराठी बोलणारे होते, कानडी बोलणारेही होते. त्याच निपाणीत, त्याच तंबाखूवर, वखारींमधून हजारो बाया राबत होत्या. नाकातोंडात तपकिरी धूळ, दिवसाला तुटपुंजी मजुरी. त्यांनीही याच सुमारास संघटना उभारली. ‘युगांतर’ या स्त्रियांच्या चित्रपटगटाने १९८२ साली त्यांच्यावर ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट काढला. एकाच गावाचे, एकाच पिकाचे, एकाच काळाचे हे दोन लढे. शेतकऱ्याला विचारा, तो महामार्गाची हकीकत सांगेल. वखारीत खपलेल्या म्हातारीला विचारा, ती वखारीच्या दाराची सांगेल. व्यापाऱ्याच्या मुलाला विचारा, तो तिसरेच काही सांगेल. तिघेही खोटे बोलत नसतील. निपाणीच्या नववीच्या वर्गाने या तिघांकडे वही घेऊन जावे, एकच प्रश्नावली तिघांना विचारावी, उत्तरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत आणि मग त्या दिवसांतली वर्तमानपत्रे काढून ताडून पाहावीत. कोठे जुळते, कोठे जुळत नाही, आणि कोणती गोष्ट कोणीच सांगत नाही, हे तीन रकाने भरले की त्या मुलांना इतिहास म्हणजे काय हे समजाविण्यासाठी दुसरी व्याख्या लागणार नाही. डॉ. आंबेडकर १९२५ मध्ये बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी निपाणीस आले होते. त्या आठवणी आज कोणत्या घरांतून जपल्या आहेत आणि कोणत्या घरांना त्यांचा पत्ताही नाही, हाही असाच एक शोध.

यासाठी वेळ फार उरलेला नाही. १९५६ साली जे विशीत होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत. १९८१ चे तरुणही साठी ओलांडून गेले. गोवामुक्तीच्या चळवळीचेही तसेच. आमच्या राष्ट्रीय काँग्रेसची स्थापना १९४६ मध्ये लोंढ्याला झाली. सत्याग्रहींना बेळगावच्या घरांनी जेवू घातले. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सेनेची जमवाजमव बेळगावला झाली. त्या घरांतली किती माणसे आज ते सांगावयास उरली आहेत? कागद वाळवीने खाल्ला तर त्याची नक्कल कोठे तरी असण्याची आशा असते; माणूस गेला की ती आशाही उरत नाही.

आता आक्षेप. पहिला आक्षेप शिक्षकांचा आणि तो खरा आहे: अभ्यासक्रम संपवावयाचा, माहिती भरून पाठवावयाची, जनगणना करावयाची, निवडणुकीची कामे करावयाची, यात शोध कधी करावयाचा? यावर आमचे म्हणणे एवढेच की वर्षातून एक प्रकरण घ्यावे आणि ते नीट करावे. बाकीची सनावळी पुस्तकातून होईल. ज्या वर्गाने एक शिलालेख किंवा एक मुलाखत मुळापासून तपासली आहे तो वर्ग पुस्तकातील उरलेली प्रकरणेही निराळ्या डोळ्यांनी वाचतो.

दुसरा आक्षेप असा की मुले गोंधळून जातील. दोन परस्परविरोधी कागद हातात दिले तर त्यांचा कशावरच विश्वास राहणार नाही. आमचा अनुभव, म्हणजे घराघरांतील सर्वांचा अनुभव, याच्या उलट आहे. आजोबा आणि काका एकाच भांडणाची दोन वर्णने सांगतात तेव्हा आठ वर्षांचे मूलही विचारते, ‘तुम्ही तेव्हा तेथे होता का?’ हा प्रश्न त्याला उपजत सुचतो. शाळेत गेल्यावर तो विचारावयाचा नसतो हे त्याला आपण शिकवितो.

तिसरा आक्षेप मात्र उघड बोलला जात नाही, आणि तोच खरा अडसर आहे. ज्या शिक्षकाने वर्गात दोन्ही बाजूंचे कागद ठेवले त्याला उद्या एक बाजू फितूर म्हणेल आणि दुसरी बाजू देशद्रोही म्हणेल. सीमाभागातील मराठी शाळेतला शिक्षक आधीच कात्रीत सापडलेला आहे. त्याचा पट घटतो आहे, त्याच्यावर वरून परिपत्रके येतात, खालून पालकांच्या अपेक्षा. त्याला हे धाडस करावयास सांगणे सोपे आहे. त्याच्या पाठीशी उभे राहणे अवघड. मराठी भाषकांच्या पुढाऱ्यांना आम्ही येथे स्पष्ट सांगू इच्छितो की मूळ कागद मुलांनी वाचले तर आपली बाजू दुबळी होईल अशी भीती त्यांना वाटत असेल, तर तो त्यांचा आपल्याच बाजूवरचा अविश्वास आहे. महाजन आयोगाचेच पाहा. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ मध्ये हा आयोग नेमला गेला, १९६७ मध्ये त्याचा अहवाल आला. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवावे, निपाणी-खानापूरसह २६४ गावे महाराष्ट्राला द्यावीत, २४७ गावे म्हैसूरला द्यावीत असे त्यात म्हटले आहे. कर्नाटक म्हणते, तोच अखेरचा शब्द. महाराष्ट्र म्हणतो, तो तर्कदुष्ट आहे. दोन्हीकडे हे तावातावाने बोलणाऱ्यांपैकी तो अहवाल उघडून वाचलेले किती निघतील? महाराष्ट्राची मागणी खेडे हा घटक, सलगता, भाषिक बहुसंख्या आणि लोकेच्छा या तत्त्वांवर उभी आहे. मग दहावीच्या मुलांपुढे १९५१ व १९६१ च्या जनगणनेतील भाषेचे तक्ते आणि बेळगाव जिल्ह्याचे दोन नकाशे ठेवा: एक १९५६ पूर्वीचा, ज्यात चंदगड तालुका आहे, आणि एक नंतरचा, ज्यात तो नाही. तत्त्वे कोठे लावली गेली आणि कोठे लावली गेली नाहीत हे मुलांना स्वतः मोजू द्या. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला त्याला वीस वर्षे उलटून गेली. न्यायालयात जो पुरावा चालतो तो शाळेत का चालू नये?

असे प्रयोग वैराच्या मातीतही झालेले आहेत. फ्रान्स आणि जर्मनी यांनी सत्तर वर्षांत तीन युद्धे केली. दोन्ही देशांतील तरुणांच्या एका संसदेने २००३ मध्ये मागणी केली आणि २००६ मध्ये दोन्ही देशांसाठी इतिहासाचे एकच पाठ्यपुस्तक निघाले. इस्रायल आणि पॅलेस्टाइन येथील काही शिक्षकांनी तर याहूनही अवघड काम केले. त्यांनी पानाच्या एका बाजूला इस्रायली हकीकत छापली, दुसऱ्या बाजूला पॅलेस्टिनी, आणि मधला रकाना विद्यार्थ्यांसाठी कोरा सोडला. दोन्हीकडच्या शिक्षणखात्यांनी त्या पुस्तकाला शाळांत थारा दिला नाही, हेही सांगितले पाहिजे. परंतु तेथे जितके रक्त सांडले आहे त्याच्या मानाने आपले भांडण घरातलेच आहे. बेळगावच्या गल्लीत मराठी मूल कानडी बोलते आणि कानडी मूल मराठी समजते. मधला रकाना येथे भरणे तितके अवघड जाऊ नये.

गोव्यानेही यात आपला वाटा उचलावा. आपल्या दामोदर कोसंबींनी इतिहास पुस्तकांइतकाच पायांनी शोधला: पुण्याच्या टेकड्या हिंडून, देवीच्या तांदळ्यांपुढे बसून, धनगरांना विचारून. गणिताच्या या प्राध्यापकाने १९५६ साली लिहिलेल्या ग्रंथाने भारतीय इतिहासलेखनाची रीत बदलली, हे आमच्या मुलांना कोठे सांगितले जाते? आपल्यालाही १९६७ च्या १६ जानेवारीचा जनमत कौल आहे. १,७२,१९१ विरुद्ध १,३८,१७० या आकड्यांच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसे होती, आणि त्या दिवसांची वर्तमानपत्रे, पत्रके, भित्तिपत्रके घराघरांत पडून आहेत. म्हादईच्या पाण्यावरून घाटाच्या दोन्ही बाजूंना आज जे बोलले जाते तेही उद्या साधनच होणार आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात पिसुर्लेकरांनी ज्या कागदांत आयुष्य वेचले ते कागद शाळेच्या सहलीला एक तास दाखविले तर काय बिघडेल? समुद्रकिनाऱ्याच्या सहली पुष्कळ झाल्या.

व्यवहाराच्या दोन-चार गोष्टी सांगितल्या पाहिजेत. शिलालेखावर तेल, खडू, रंग लावू नये. छायाचित्र आणि हाताने काढलेली आकृती पुरे. घरचा कागद घरीच राहावा, शाळेत त्याची प्रत यावी. मुलाखतीत कोणाची जात, कर्ज, भांडण निघाले तर ते वहीत ठेवावे, भिंतीवर लावू नये. आणि १७ जानेवारीला ज्यांच्या घरचे माणूस गेले त्यांच्याकडे प्रश्नावली घेऊन जाण्याआधी शिक्षकाने स्वतः एकदा जाऊन बसावे, बोलावे, परवानगी घ्यावी.

हलशी पणजीहून एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहे. सत्तरीतील एखाद्या माध्यमिक विद्यालयाने आणि खानापूर तालुक्यातील एका मराठी व एका कन्नड शाळेने मिळून तेथे दहा-दहा मुले न्यावीत, नरसिंहाच्या देवळातील लेखापुढे त्यांना वह्या घेऊन बसवावे, आणि कोणाला कोणती अक्षरे ओळखता येतात ते पाहावे. जी शाळा हे करील तिच्या मुलांच्या नोंदी, दोन्ही भाषांतल्या, या पत्राच्या रविवारच्या अंकात छापावयास आम्ही जागा राखून ठेवू.